आईचा गंबो

लॉकडाऊनमध्ये इथे परदेशात, क्वेकर्स हिलला केजन, म्हणजे लुइझियानाकडच्या जेवणाचं टेकअवे उघडायची अक्कल माझीच. मदतीला आई, कारण बॉर्डर बंद झाल्याने ती इथेच अडकली होती. गंबो म्हणजे तिकडचा भेंडीचा रस्सा, तो बुळबुळीतच हवा. आईने त्यात गुपचूप आमसुलं टाकली.

"भेंडीला तार सुटली होती रे, मी घालवली!"

तोवर पहिला डबा गेलाही होता. गिऱ्हाईक नेमकं लुइझियानाचं! गाडीत बसून खाल्लं, मास्क चढवून परत आलं.

"हा गंबो नाहीये."

"सॉरी, उद्या अस्सल देतो."

दुसऱ्या दिवशी अस्सल दिला. एक घास खाऊन म्हणतो, "नो, नो, कालचा दे."

आता बोर्ड बदलू की रेसिपी? आईला विचारलं, तर म्हणाली, "ते तू बघ. त्याला विचार, सोबत भाकरी देऊ का?"