जीपचं इंजिन आणि हवेतली ओल

माझ्या जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायची हुशारी माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. इंजिन सुरू झालं, पण जीप थंडीताप आल्यासारखी थरथरायला लागली. अन् दुसऱ्याच दिवशी पोरीचं साक्षगंध; साखरपुड्याला याच जीपनं जायचं होतं.

लाखनीचे मेकॅनिकभाऊ म्हणाले, "पेट्रोल खराब आहे न." पेट्रोल बदललं. मग म्हणाले, "हवेत ओल आहे, म्हणून असं करून राहिली."

हवा बदलणं मला काही जमलं नाही.

शेवटी माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, "भाऊजी, प्लगच्या वायरींचा क्रम या इंजिनाच्या हिशोबानं लावला, का जुन्याच्या?"

"इंजिन म्हणजे इंजिनच असते न, वहिनी!"

तरी भाऊंनी दोन वायरींची अदलाबदल केली. इंजिन एकदम सुरळीत चालायला लागलं.

भाऊ हात पुसत मलाच म्हणाले, "सकाळपासून काय सांगून राहिलो तुमाले? वायरी पाहा म्हणून!"