नोटिशीप्रमाणे गवत कापलं

नाही गं रेवती, गच्चीवरच्या भाताला खत घालून आता काही उपयोग नाही – बस तू, ती लोंबी दे इकडे. सासऱ्यांनी पाठवलं ना? स्वतः कशाला येतील, समोरचंच तर दार! हा दाणा दाब. पोचट. दूध भरतानाच कुणीतरी शोषून घेतलंय. वास घे – उग्र येतो ना? ढेकण्या. गवतासारखाच हिरवा, लांब पायांचा किडा. म्हणजे, मला तसं वाटतं. जन्मभर कीटकशास्त्र शिकवलं तरी हल्ली स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिलेला नाही – पण वास चुकत नाही.

मुलुंडच्या सातव्या मजल्यावर भाताचा किडा कुठून, म्हणतेस? अगं, त्याला भातच लागतो असं कुठाय! भाताला लोंब्या येईपर्यंत तो गवताच्या फुलोऱ्यावर जगतो. माझ्या बाल्कनीत होतं ना, गच्चीच्या बरोबर खाली, ते गवत. आपोआप उगवलेलं – म्हणजे, आधी आपोआपच. मग मी पाणी घालत राहिलो. किडे डोंगराकडून आले असतील. मी फक्त हाकलले नाहीत. आणि गंमत बघ – तुझ्या सासऱ्यांनीच, चेअरमन चंद्रप्रकाशरावांनीच, माझ्या नावानं नोटीस लावली, लिफ्टशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी – गवत काढा, नाहीतर दंड. काढलं की! लगेच नाही. रोज गच्चीवर जाऊन दाणा नखानं दाबून बघायचो. पांढरं दूध दिसलं, त्या सकाळी खाली येऊन काडी न काडी कापली. उपाशी किडे जाणार कुठे? वर. शेतकऱ्यांना घसा फोडून सांगायचो, गवत आधीच काढा, दाणा भरताना नको. तेच उलटं केलं, झालं.

अशी बघू नकोस. आता भात लावलाय त्या निळ्या पिंपांत आधी काय होतं, तुला कुणी सांगितलं? जुई. माझ्या बायकोची, प्रेमाची. ती हॉस्पिटलमध्ये होती आणि तुझ्या सासऱ्यांनी गच्ची गळते म्हणून मुळासकट उपटून कचऱ्यात टाकली. ती घरी आली, जुई मागायला लागली. मी स्टेशनजवळून गजरा आणून उशाशी ठेवला. तिनं नुसता वास घेतला – म्हणाली, ही आपली नव्हे. मग भिंतीकडे तोंड. पुन्हा मागितली नाही, गेली. गच्ची गळते ना? मग त्याच पिंपांत भात कसा चालतो गं?

परवा दसरा. बिल्डिंगच्या प्रत्येक दाराला आपल्या गच्चीवरची लोंबी बांधणार होते ना, फोटो काढून? बांधा म्हणावं. औषध? आहे की. सांगणार नाही.

ही लोंबी मात्र इथेच ठेव. आमची प्रेमा देवगडची – 'दाराक नवां नाय तर सण कसलो' म्हणायची; नवां म्हणजे नव्या भाताची लोंबी. मी आजच बांधतो, तुमचं दार उघडलं की समोर हीच दिसू दे. थांब, नीट बघ जरा – मला धड दिसत नाही – एखादा भरलेला दाणा राहिला नाही ना?

नाही? मग जा तू.