लग्नाच्या फोटोचा खिळा

फ्रेमच्या दुकानात निवृत्त इंजिनिअर काखेत गुंडाळी धरून ताटकळले होते. पुढे मायलेकी; आईनं एक फ्रेम दुकानदारापुढे ठेवली.

“ह्यातला गोल्फच्या मैदानाचा नकाशा काढा आणि ह्यांचा फोटो बसवा.”

“काकू, शंभर वर्षांचा जुना नकाशा आहे. काकांनी जिवापाड जपलेला.”

“असे एकतीस आहेत. भिंती भरल्या, पण आमच्या लग्नाच्या फोटोला एक खिळा मिळाला नाही.”

“आई, जाऊ दे ना आता.”

“जन्मात कधी गोल्फ खेळला नाही हा माणूस! दवाखान्यातूनसुद्धा विचारायचा, नकाशांवरची धूळ पुसतेस ना?”

“फोटो लहान पडेल, काकू. कडेनं रिकामं दिसेल.”

“दिसू दे. मला सवय आहे.”

इंजिनिअरांनी गुंडाळीतला तसलाच नकाशा सावरला. त्यांना राहवेना.

“वहिनी, बाकीचे तीस विकणार का?”