लग्नाला पारांग नको

जावा बेटावरच्या पेकालोंगानमध्ये कुरिअरच्या खिडकीपुढची रांग हलत नव्हती. वार्तिनीच्या पुढे बाटिकची पुडकी कवटाळून मायलेकी उभ्या होत्या, आणि दबक्या आवाजात भांडत होत्या.

लेक आईला म्हणाली, “इबू, मी लाइव्हवर कापड दाखवत असताना तू मध्ये का बोललीस?”

“ती मुलगी स्वतःच्या लग्नासाठी पारांग नक्षी मागत होती. पारांग नेसून लग्नाला उभं राहतात? जन्मभर नवऱ्याशी भांडेल!”

“गिऱ्हाईक होतं ते! सगळ्यांसमोर म्हणालीस, तुला कापड विकणार नाही.”

“नक्षी मी काढते.”

“आणि विकते मी! रोज व्हिडिओ टाकून टाकून माणसं जमवलीत.”

“म्हणूनच सांगते, मी आता तुझ्या फोनसमोर येणार नाही. तुझं तू बघ.”

“अगं, ऐक तरी. ती मुलगी गेलेली नाही. विचारतेय, मग मी काय नेसू?”

“सिदोमुक्ती. सुखाच्या संसाराची नक्षी ती. एवढंही आईनं सांगितलं नाही?”

“आई हाँगकाँगला घरकाम करते तिची. ही शाळेत होती तेव्हापासून.”

म्हातारीनं हातातली पुडकी सावरली. खिडकी मोकळी झाली होती, तरी वार्तिनीनं त्यांना हटकलं नाही.

“आज कधी बसायचंय?”

“कुठं?”

“फोनसमोर गं! माझा निळा कबाया इस्त्री करून ठेव.”

“बरं.”

“आणि फोन जरा लांब धर. परवा मी केवढी जाडी दिसत होते!”