पंच्याहत्तरची रेघ

नाही, सही करणार नाही – तो कागद परत बॅगेत टाका, वकीलसाहेब. म्हणे मी, या जांदिरानं, कार्ब्युरेटर नीट बसवला नाही, म्हणून व्हॅन पुलावर बंद पडली! एकोणीस वर्षं इथं पिरासिकाबा गावात गॅरेज चालवतेय मी – विचारा कुणालाही. तुमची ती दारातली नवी गाडी काहीही पचवते, नुसतं अल्कोहोल घातलं तरी आपलं आपण जुळवून घेते. ओतासिलियोकाकांची व्हॅन माझ्याहून म्हातारी, तिच्या जेटचं, म्हणजे इंधन सोडणाऱ्या तोटीचं, भोक ठरलेलं – अल्कोहोल वाढलं की इंधन जास्त लागतं, ते मिळत नाही, इंजिन उपाशी. मग तापतं, चढावर आचके देतं, न जळलेलं इंधन सायलेन्सरमधून बाहेर फेकतं, डोळे नुसते चुरचुरतात.

काय म्हणालात? अल्कोहोलच वाईट? ते माझ्यासमोर नको हं! माझ्या आईचा जन्म उसाच्या फडात गेला. मापात मिसळलं तर धुरातला विषारी वायू कमी होतो, इंजिन ठकठक करत नाही – मशीन लावून बघितलंय मी. शंभरात सत्तावीस, सरकारी माप. त्यालाच जुळवून दिली होती मी व्हॅन. पण तुमच्या अशिलाच्या पंपावर ते माप पाळत नाहीत – अशील म्हणजे माझा सख्खा भाऊ, वाल्देमिर – का, सांगितलं नाही त्यानं?

पुरावा? ही काचेची नळी बघा. पन्नास माप पेट्रोल, पन्नास मिठाचं पाणी, हलवायचं, थांबायचं – अल्कोहोल पाण्यात उतरतं. पाणी त्रेसष्टच्या रेघेवर थांबायला हवं, त्याच्या पेट्रोलचं पंच्याहत्तरवर चढलं. म्हणजे निम्मं अल्कोहोलच की! कधी पाहिलं? मार्चमध्ये.

हो, मार्चमध्ये. अपघात जूनमध्ये झाला, इथल्या ऐन थंडीत, माहितीये मला.

वाल्देमिर हसला होता – "ताई, कुणाला कळतंय?" – आणि मी गप्प बसले. काका मक्याच्या, पानात उकडलेल्या गरम पमोन्या विकत गावभर फिरायचे, त्याच पंपावर टाकी भरायचे, गाडी आचके देतेय म्हणून माझ्याकडे यायचे – आणि मी प्लग पुसून म्हणायचे, "थंडीमुळे होतं हो, काका." मग पुलावर व्हॅन बंद पडली, मागून ट्रक आला. काकांना गुडघ्याखाली एक पाय नाही आता. परवा दवाखान्यात मलाच म्हणतात, "पोरी, व्हॅन होईल ना गं दुरुस्त?"

लिहून घेताय? घ्या. मार्च ठळक लिहा. भावाला वाटतं, मी स्वतःला वाचवायला तोंड मिटीन – कोर्टात त्याचं नि माझं, दोघांचीही नावं मीच घेणार आहे, सांगा त्याला. आणि आईचा निरोप वगैरे आणला असेल तर तो तुमच्यापाशीच ठेवा.

उठा आता. त्या स्टुलावर मला कार्ब्युरेटर ठेवायचाय.