घाबरण्याचं काही कारण नाही म्हणे

माहं माहेर दर्यापूरकडचं, लग्न होऊन अकोटले आली अन् आल्या वर्षापासून जिनिंगमंधी कापूस निवडाले लागली ते गुडघे जाईपर्यंत. शाळा म्हणाल तर चौथी, बाकी वाचाले शिकली ते पुड्याच्या कागदावर, भजे संपले का कागद वाचाचा. मालक लवकर गेले. एकच पोट्टा, दिनेश, त्याले अमरावतीले शिकवलं, अन् तो लागला तिकडे दूर समुद्राच्या काठी, अणुवीज करतात त्या कारखान्यात, ऑपरेटर म्हणून.

काय सांगू तुमाले, अचलपूरच्या मास्तरायच्या वैशालीले आमी कुंकू लावून आलो, साडी नेसवली, साक्षगंध तेवढं बाकी, अन् तिकडे कारखान्यात पाइप फुटला. गरम वाफेनं माणसं भाजले. कारखान्यानं पेपरात देल्लं, तेही उशिरानं, का घाबरण्याचं काही कारण नाही. आता बाई, कोनी असं म्हटलं का माणूस आधी घाबरतेच. डॉक्टर म्हणते घाबरू नका, तवाच आपण पोरायले फोन लावतो का नाही?

मंग ऑपरेटर लोकायले पुन्हा शिकाले बसवलं. खोटी कंट्रोल रूम असते म्हणे, तसेच बटनं, तशाच घंट्या, खोटा बिघाड करून देतात अन् पाहतात हा काय करते. ते आटोपून दिनेश घरी आला, वाळून काडी झालेला, तर माही नणंद शांताबाई दारातच बादली घेऊन उभी. तिकडचं काही अंगाले चिकटून आलं असन म्हणून मयतीवरून आलेल्या माणसाले घालतात तशी आंगणात आंघोळ घातली, कपडे बाहेर भिजवले, निंबाचा पाला चावाले देल्ला, मंग आत घेतलं. तिचा जीवच तुटत होता त्याच्यासाठी, मनात वाईट नोयतं. पण गल्लीनं पाहिलं. एस.टी. परतवाड्याले पोचाच्या आधी गोष्ट तिथून पुढं अचलपूरले मास्तरायच्या घरी पोचली, का घरचेच त्याले घरात घेऊन नाही राहिले.

मास्तर आले, मास्तरीण आली, पोरगीबी आली. पिशवीत आमी नेसवलेली ती साडी, वापस कराले. चहा ठेवला, कोनी कप उचलला नाही. मास्तरायनं विचारलं, झालं काय नेमकं, तर दिनेश म्हणे, सर्व काही सुरक्षित मर्यादेत आहे. ताकीद होती ना त्यायले, बाहेर बोलाचं नाही, बोलणारा साहेब वेगळा. मास्तर म्हणे, हे पेपरात वाचलं आमी. सोयरीक हातची चालली म्हटलं.

तवा पोरगी बोलली, बापासमोर. आमच्यात असं बोलत नाहीत. म्हणे, त्या रोजी तुमी कोठी होते? कंट्रोल रूममंधी, हा म्हणे. मंग भेव लागलं का?

 पोट्टा म्हणे, लागलं. सगळ्या घंट्या एकदम वाजल्या, माहा हात भलत्याच बटनावर चालला होता, बाजूवाल्यानं धरला. म्हणून आता तेच शिकवतात, घंटी वाजली का आधी हात मांडीवर, समोर काय लिहून आलं ते मोठ्यानं वाचाचं, दुसऱ्यानं तेच म्हणाचं, मंग बटन. अंगाचं म्हणसान तर किती किरणं लागले ते मोजतात आमचे, मले काही झालं नाही. उद्याचं मात्र शपथेवर नाही सांगता येत.

झालं, म्हटलं. आपल्या तोंडानंच मोडलं यानं. मास्तर उठून ओसरीवर गेले. अन् पोरीनं समोरचा कप उचलला, प्याली. मास्तरीण म्हणे, थंडा काहून पेतं माय, अन् मले म्हणे, विहीणबाई, जरा गरम करून आणा सगळ्यायचा.

लग्न झालं. आता दिनेश तिकडे नव्या पोरायले शिकवते. वैशाली तिथच्या वस्तीतल्या बायायले सांगत फिरते, कारखान्याचा भोंगा वाजला तर काय कराचं ते. मी अठीच, अकोटले. समुद्र काही पाहिला नाही, अन् तेवढ्या दूर जाची ताकदबी नाही राहिली. रोज जीव टांगलेला असते, थकली बाई मी त्यानं. फोन येते तिचा, आई, आज भोंगा वाजला पण सरावाचा होता. एखाद्या रोजी म्हणते, आज थोडं बिघडलं होतं, हे अजून आले नाहीत. ज्या रोजी बरं हाये म्हणते, त्या रोजी बरंच असते. तेवढ्यावर झोप लागते मले. सुखी राहोत लेकरं.