देवमाशाचं नाव

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी एक मुलगी आणि तिचे बाबा बोलत होते.

"शाळेत मॅडमनी प्रोजेक्ट परत दिला, बाबा. त्यातला देवमाशाचा आवाज मी नेटवरून न विचारता उचलला होता ना."

"आवाजाला कसली आलीय परवानगी?"

"तो कुणीतरी रेकॉर्ड केलेला असतो. मग मॅडमनीच एक साइट दाखवली. तिथलं सगळं शिक्षकांना आणि मुलांना फुकट वापरता येतं."

"फुकट? काहीतरी मेख असणार."

"एवढीच, की ज्याचं काम त्याचं नाव लिहायचं. तिथला देवमाशाचा आवाज एका आजोबांचा आहे; त्यांनी जन्मभर समुद्रात माइक सोडून देवमासे ऐकले आणि सगळी रेकॉर्डिंग देऊन टाकली. तू ऐक तर खरं."

फोनमधून खोल, लांबलचक आवाज आला. मावशींचा हात गालावरून कधी खाली आला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. आतून त्यांना बोलावलं, तरी त्या उठल्या नाहीत.

आवाज थांबल्यावर बाबांनी फोन हातात घेतला.

"आजोबांचं नाव लिहिलंस?"

"सगळ्यात वर."

"आणि देवमाशाचं?"

"त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, बाबा."

"असं कसं? एवढ्या लांबून हाक मारतोय, म्हणजे त्याला ओळखणारं कुणीतरी असणारच."